सात ते अकरा, १.९ किलोमीटर

११ जून २००५, शनिवार. अकोला
पाणीपुरवठ्याच्या बोचरे साहेबांच्या ऑफिसात कीबोर्डवर मूठ मारली. स्पेसबार निघून टेबलाखाली गेला. साहेब (यापुढे बो., तेवढंच पुरे) म्हणाले, "मॅडम, तो माझा कीबोर्ड आहे." म्हटलं, मग तुमच्या कॉम्प्युटरला सांगा, दर दहा मिनिटांनी मरू नको म्हणून.

काम घेतलं. तेल्हाऱ्याकडची खारपाणपट्ट्यातली तेवीस गावं आणि धरणाच्या पाण्याची एक मोठी टाकी. सगळी गावं पाइपनं जोडायची, पाइप लागेल तो कमीत कमी. गेले सहा महिने यांचे लोक भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या टोचून दोरे गुंडाळतायत. हे मी पॉलिटेक्निकला दरवर्षी एका तासात शिकवते, फळ्यावर पाच गोळे काढून. खऱ्या गावांवर कधी केलं नव्हतं. पंधरा दिवसांत देते म्हणाले. जीभ माझी, आवर कोण घालणार.

गावांना नंबर दिलेत. टाकी शून्य. आमचं गाव सात.

१४ जून, मंगळवार. अमरावती
कॉलेजची लॅब. सकाळी सात ते नऊ लाइट, मग भारनियमन, मग दुपारी दोन तास.

तसं सोपं आहे. सगळी अंतरं लहानापासून मोठ्यापर्यंत लावायची. सगळ्यात लहान घ्यायचं, ती दोन गावं जोडायची. मग पुढचं. ज्यानं गोल तयार होईल ते फेकायचं. चोवीस ठिकाणं, म्हणजे तेवीस जोड, की संपलं. माझा प्रोग्रॅम (यापुढे प्रो.) सव्वीस जोड देतो. म्हणजे तीन ठिकाणी पाइप गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळतो.

दोन तास खाल्ले. चूक सापडेना. खुर्ची लाथेनं उडवली. शिपाई दारात येऊन उभा, खुर्ची सरळ करून गेला.

१५ जून
सापडली. दोन गावं आधीच एका गटात आहेत का हे बघताना मी फक्त वरच्या एका पायरीला विचारत होते. वरच्याचा वरचा, त्याचा वरचा, असं शेवटच्या मुळापर्यंत जायला हवं. एक ओळ. त्या एका ओळीसाठी काल अंगठ्याचं नख मोडलं. खोटी अंतरं भरून चालवला, तेवीस जोड आले. एकटीच टाळ्या वाजवल्या.

१९ जून, रविवार. अकोला
मापं घेऊन अन्वरभाई आले. बो.चे सर्व्हेअर, पन्नाशीचे, गुडघ्यापर्यंत धूळ. यांची पद्धत अशी: पाइप लोकांच्या वहिवाटीच्या रस्त्यानंच टाकायचा, म्हणजे शेतातून नेल्याचा तंटा नको. म्हणून प्रत्येक गावातला एक माणूस गाडीवर मागं बसवायचा, तो दाखवेल त्या रस्त्यानं शेजारच्या गावापर्यंत जायचं, मोटारसायकलच्या मीटरवर आकडा घ्यायचा. मग त्या गावचा माणूस बसवून उलटं यायचं. दोन्ही आकडे वहीत. फरक आला तर मोठा धरायचा. हा नियम बो.चा, कामाच्या कागदावर टाइप केलेला.

वही निळ्या पुठ्ठ्याची, अक्षर मोत्यासारखं. अ.भा. म्हणाले, "मॅडम, तेवीस गावचा चहा पिला. पोट गेलं, पन आकडा येक बी चुकीचा नाई."

२१ जून, मंगळवार. अमरावती
सकाळी आकडे भरले. दोन्ही बाजूंचे जुळतात का बघायला वेगळा प्रो. लिहिला होता. बाकी सगळीकडे पाच-पन्नास मीटरचा फरक. एकच जोडी ओरडली.

सातकडून अकरा: १.९
अकराकडून सात: ५.४

हसूच आलं. माझं गाव! लहानपणी मी आणि शेजारची मंदा आखरावरून धावत सुटायचो ते अकराच्या वडाखाली जाऊन थांबायचो. आखर म्हणजे गुरं उभी राहतात ती मोकळी जागा, दोन्ही गावांची एकच. मंदा पुढे अकरातच दिली, देविदासला. आणि हा म्हणे पाच किलोमीटर.

नियमानं ५.४ धरायला हवा. तो पुसला. १.९ ठेवला. अ.भा.ना फोन करून विचारायचं होतं, पण लाइट जायला चार मिनिटं होती आणि मला उत्तर बघायचं होतं.

२५ जून, शनिवार. अकोला
उत्तर पसरून टेबलावर ठेवलं. तेवीस जोड, एकही गोल नाही. त्यांच्या दोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी पाइप. बो. उभे राहिले. पेढे मागवले.

अ.भा. नकाशावर वाकले. सातवरून अकराला गेलेल्या रेघेवर बोट. "मॅडम, ही लाइन नका टाकू. अकराचे लोक त्या रस्त्यानं येत नाईत. म्या वहीत लिवलं हाय. त्यांचा मानूस गाडीवर बसला आन् म्हने उलटं घे, कॅनॉलवरून घे. आखराले पाय नाई लावत ते."

म्हटलं, पाइपला कुठं पाय आहेत?

सगळे हसले. अ.भा. नाही हसले. म्हणाले, चौदाकडून आना ना अकराले, दोन पूर्नांक तीन हाय. मी आवाज चढवला. चारशे मीटर जास्त? मग प्रोग्रॅम कशाला लिहिला, तुमच्या गाडीलाच विचारलं असतं. त्यांनी हात जोडले आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली.

वही माझ्याकडेच राहिली आहे. द्यायला हवी.

३ जुलै, रविवार. गाव
माय, गजूदादा, वहिनी. पेरण्या आटोपल्या. दादानं नवा गोऱ्हा घेतलाय, वेसण ओढून ओढून त्याच्या नाकातून रक्त काढलं. म्हटलं, सोड. म्हणे, "तू नवऱ्याले लाटनं मारून आली, मले नको शिकवू." खरंच आहे. पहिली थप्पड खाल्ली त्याच दिवशी लाटणं त्याच्या कानावर बसलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मी माहेरी. आमच्या घराण्यात हात आधी आणि डोकं मागून.

मायला मंदाबद्दल विचारलं. सहा वर्षांत माहेरी आली नाही. तो पोळा झाल्यापासून. मला माहीत होतं ते, रक्ताचे डाग पाहिले होते मी. तेव्हा पोळ्याचं तोरणही दोन्ही गावांचं एकच असायचं, आखरावर. पहिली जोडी सातची जायची. त्या वर्षी अकरावाले अडून बसले, आमची आधी. तुताऱ्या निघाल्या, बैल हाकायच्या त्या खिळा ठोकलेल्या काठ्या. देविदासच्या थोरल्या भावाचा डोळा गेला, तुतारीच्या खिळ्यानं. कुणाच्या तुतारीनं ते सगळं गाव जाणतं आणि कुणी सांगत नाही. दादा त्या दिवशी पुढे होता.

जेवताना दादाला सांगितलं. अकराचं पाणी आता आपल्या आखरावरून जाणार, ते सोडायचा-तोडायचा वॉल आपल्याकडे. दादाचा घास हातात थांबला. मग एवढ्या जोरानं हसला की ठसका लागला. "शोभे, तू त लय कामाची निंघाली."

मलाही बरं वाटलं. लिहून ठेवते, बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी २००६, शनिवार
सात महिने यात काही लिहिलं नाही. परीक्षा, पेपर, मायचं मुतखड्याचं दुखणं.

दादाचा फोन. लाइन आखरापर्यंत आली. अकराच्या हद्दीत खोदकामाच्या गाडीवर दगड, काच फुटली, ड्रायव्हरच्या भुवईला टाके. अकरावाले म्हणतात, पाणी पाहिजे पण सातच्या हातचं नको, चौदाकडून द्या. अर्ज केलाय त्यांनी. बो. म्हणाले नकाशा मंजूर झाला, आता बदलत नाही.

वॉल उघडायचं-मिटायचं काम दादाला मिळालं. लोखंडी चावी, कमरेएवढी उंच, वर आडवा दांडा. खांद्यावर टाकून गावभर हिंडतो म्हणे, वहिनी सांगत होती.

७ मे, रविवार. गाव
पाणी आलं. गोड. माय नळाखाली ओंजळ धरून बसून राहिली. मग उठली आणि तुरीची डाळ टाकली. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ तासन् तास उकळली तरी टणक राहते. आज लोण्यासारखी झाली. माय रडली, मग तोंड पुसून म्हणाली, जन्म गेला दगड शिजवून.

अशा दिवशी माझी छाती फुगायला नको का? फुगली. तेवीस गावांत आज डाळ शिजली असेल.

तेवीस नाही. दुपारी आखरावर गेले तर दादा वॉलवर बसलेला. अकराचं दोन दिवस बंद आहे. का, तर त्यांच्या कुणीतरी आमच्या कुणालातरी तेल्हाऱ्याच्या बाजारात शिवी दिली. म्हटलं, उघड. म्हणे, माफी मांगो मंग उघडतो. चावी ओढायला गेले तर मनगट असं पिळलं की अजून निळं आहे. मी त्याच्या नडगीवर लाथ घातली. त्यानं उघडला वॉल, पण हसत हसत, मला खूश करायला म्हणून.

बो.ना सांगायला हवं. सांगेन.

२३ ऑगस्ट, बुधवार. पोळा
सकाळी साडेदहाला वहिनीचा फोन. नुसता आरडाओरडा ऐकू येत होता. मग एक वाक्य. "ह्यायनं देविदासच्या डोक्यात चावी घातली."

बस पकडते.

२४ ऑगस्ट, गुरुवार. अकोला
काय झालं ते तिघांकडून तीन प्रकारांनी ऐकलं. जे तिन्हींत आलं ते लिहिते.

काल सकाळी सहाला दादानं अकराचा वॉल बंद केला. पोळ्याच्या दिवशी. घरोघर पुरणाची डाळ चुलीवर चढली होती आणि नळ कोरडे झाले. दादाला तेच हवं होतं. पाहा आता कसं पुरन शिजते, असं आखरावर मोठ्यानं म्हणाला. अकराच्या बायांनी विहिरीचं खारं पाणी ओतलं, डाळ कच्चीच राहिली. बैलाला नैवेद्य काय दाखवायचा? दहाच्या सुमारास देविदास एकटा आला. सात वर्षांत त्यांच्यातल्या कुणीही आखरावर पाय ठेवला नव्हता, तो आला. हातात काही नव्हतं. "गजू, आजच्या दिस उघड," म्हणाला. तो वॉलवर वाकला, हातानं फिरवायला, आणि दादानं चावी उचलली. एकदा नाही. दोनदा.

मग अकरावाले धावून आले. आमच्याकडचे दोघं पडले, एकाची बरगडी, एकाचे दात. आमचा गोठा पेटवला. तो गोऱ्हा खुंट्यालाच जळाला.

सरकारी दवाखाना. देविदास बेशुद्ध. डोकं केवढं सुजलंय. मंदा भिंतीला टेकून बसलेली. सात वर्षांनी बघत होते तिला, केस पिकले. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. ती उठली आणि कानाखाली मारली. कान अजून वाजतोय.

"सात वर्सात येक डाव नाई आली तू. आता काय पाह्यले आली वं?"

 मग तीच बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. "डाय चुलीवर होती. ह्यो म्हने मी जातो, हात जोडतो, लेकरं पोयाच्या दिसी उपाशी नको. म्या म्हनलं जा. म्याच म्हनलं."

२६ ऑगस्ट, शनिवार. तेल्हारा
दादा कोठडीत. ओठ फाटलेला. पश्चात्ताप वगैरे शोधत होते चेहऱ्यावर. नाही. भीती आहे, तीही डोळ्यांतच.

विचारलं, दुसऱ्यांदा का मारलंस? पहिल्यानंच पडला होता ना तो?

"तूच त म्हनलं होतं शोभे. पानी आपल्या आखरावरून जाते, वॉल आपल्यापाशी हाय. आता पलटून राहिली?"

गजांतून हात घालून त्याची कॉलर धरली. शिपायानं सोडवलं. 

२९ ऑगस्ट, मंगळवार
अन्वरभाईंना मारलं. काल, तेल्हाऱ्याच्या बसस्टँडवर, दिवसाढवळ्या. अकराची सात-आठ पोरं. पाइप कुठून न्यायचा हे मोजताना गावानं यांनाच पाहिलं होतं, मला कोण ओळखतं? यानंच सातवाल्यांकडून खाऊन खोटं माप लिहिलं, अशी आवई उठली आहे. उजवा हात दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं ठेचला. ज्या हातानं ते अक्षर काढतात तो.

मुलीनं फोनवर सांगितलं, अब्बा म्हणतात मॅडमला काही सांगू नका, त्या घाबरतील.

फोन ठेवला आणि कपाट उघडलं. निळी वही खालच्या कप्प्यात आहे. वर्ष झालं, दिली नाही. सात-अकराचं पान काढलं. दोन्ही आकडे. खाली त्यांच्या अक्षरात: "अकराचे ग्रामस्थ आखराच्या रस्त्याने येण्यास नकार देतात. जुना तंटा. पाइप या रस्त्याने नेऊ नये." तारखेसह. हे पान मी तेव्हा वाचलंच नव्हतं, फक्त आकडे उतरवले होते. की वाचलं होतं? मला खरंच आठवत नाही, आणि जे आठवतंय त्यावर विश्वास नाही.

३१ ऑगस्ट, गुरुवार. अकोला
चौकशी लागली आहे. बो.नी दार लावून घेतलं. टाइप केलेला कागद पुढे सरकवला: सर्व्हेअरकडून १.९ हा एकच आकडा प्राप्त झाला. खाली माझं नाव, सहीला जागा.

"मॅडम, तुम्ही सातच्या. भाऊ तुमचा. नियम मोठा आकडा धरायचा, तुम्ही लहान धरला. हे बाहेर आलं तर काय म्हणतील? ठरवून केलं म्हणतील. भावावरचं कलम कुठल्या कुठं जाईल. वही मला द्या, विषय संपेल."

विचारलं, आणि अन्वरभाई?

"त्यांना मी बघतो."

टेबलावर काचेचा पेपरवेट होता. मी फेकला तो त्यांच्या डोक्याच्या रोखानं, खोटं कशाला बोलू. नकाशाच्या फ्रेमला लागला. काच त्यांच्या खांद्यांवर सांडली. एक इंच इकडे असता तर आज मीही दादाच्या शेजारी.  कागद पर्समध्ये टाकून निघाले. सही केली नाही. फाडलाही नाही.

२ सप्टेंबर, शनिवार. अमरावती
लॅबमध्ये जुना प्रो. काढला. १.९ खोडून ५.४ टाकला. बाकी काही हात लावला नाही. एन्टर.

डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. अकरा जोडलं गेलं चौदाला, २.३. सातवरून अकराला काही नाही. आखरावर वॉल नाही. चारशे मीटर जास्त पाइप, बस. लॅबच्या या टोकापासून गेटपर्यंत जाऊन आलं की होतात चारशे मीटर. मी चालून बघितलं, दोनदा.

प्रो. बरोबरच होता. त्याला जे दिलं त्याचं त्यानं चोख उत्तर दिलं. शिव्या कुणाला देऊ? स्वतःला दिल्या, मोठ्यानं, मुलींची बॅच दारात येईपर्यंत.

५ सप्टेंबर, मंगळवार. गाव
जायलाच नको होतं. मायनं विचारलं, ऑफिसात काय चाललंय? मी सगळं सांगितलं. वही दाखवली. तिला वाचता येत नाही, तरी पानावरून बोट फिरवत राहिली.

मग उठली, वही घेतली, चुलीकडे गेली. मी धावले. तिनं छातीशी घट्ट धरली. "पोटचा हाय तो माह्या. तू भावाले फासावर देशीन? त्या मानसाच्या हाताले पलस्तर लागन, बरा होईन. गजू येईन का वापस?"

मी तिचं मनगट पिळलं. साठीच्या म्हातारीचं. बांगड्या फुटल्या, दोन काचा हातात रुतल्या. वही सुटली, तीही खाली बसली. ओरडली नाही. हाताकडे बघत म्हणाली, "तू आन् तो येकच हाय."

काचा मीच काढल्या, हळद लावली. तिनं हात मागं घेतला नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मी तिथं जेवले नाही. शेवटच्या बसनं परत.

१० सप्टेंबर, रविवार. अकोला
देविदासनं काल डोळे उघडले. मंदाला ओळखत नाही. डावी बाजू हलत नाही. डॉक्टर म्हणाले, आता काहीच सांगता येत नाही, जगला तरी कसा जगेल ते.

मंदा त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होती, गालावरून ओघळत होतं. मी पुसायला पुढे झाले, तिनं फडका हातात दिला. बराच वेळ दोघी तेच करत बसलो. मग मी म्हटलं, मंदे, तुला एक सांगायचंय. त्या पाइपचं.

तिनं चमचा थांबवला. "मले नको सांगू. माह्याच्यानं आयकनं होनार नाई. चौकशीच्या साहेबाले सांगजो."

११ सप्टेंबर, सोमवार. तेल्हारा
तहसील. चौकशीचे साहेब अकोल्याहून आलेले, वयानं माझ्याएवढे, आवाज मऊ. अन्वरभाई बाहेरच्या बाकावर, हात गळ्यात. उठून उभे राहिले मला बघून. मला! म्हणाले, "मॅडम, मी काई नाई म्हनत तुमाले. वही तुमच्यापाशी हाय, येवढंच साहेबाले सांगतलं." मी त्यांच्या पायाशी वाकले तर मागे सरकले, "काय करून राहिले मॅडम, लोकं पाह्यतेत."

आत जाऊन वही टेबलावर ठेवली. ते पान उघडून दिलं. बो.चा कागद बाजूला ठेवला, सहीविना. साहेबांनी दोन्ही वाचलं, चष्मा काढला.

"म्हणजे सर्व्हेअर सुटला. आता तुमचं. ५.४ तुम्ही काढलात?"

हो.

"नियम माहीत होता?"

हो.

"गावचा तंटा माहीत होता?"

हो.

खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटत होतं. साहेबांनी माझा जबाब त्यांच्या हातानं लिहायला घेतला. शेवटच्या ओळीपाशी थांबले. म्हणाले, "मी 'नजरचुकीने' लिहितो. मॅडम, ते पुरेल सगळ्यांना. तुमच्या भावाच्या केसला जोडलं जाणार नाही, नोकरी राहील, अन्वरभाई तर मोकळेच. वाचून बघा, बाहेर बसून सही करा. चारपर्यंत मी आहे."

बाकावर बसून हे लिहिते आहे. अन्वरभाई शेजारी आहेत, डाव्या हातानं चहाचा कप धरायला शिकतायत, निम्मा सांडला. पावणेचार झालेत. कागद मांडीवर आहे. चारदा वाचला. सगळं खरं आहे, तो एक शब्द सोडून. त्या दिवशी लाइट जायला चार मिनिटं होती हे खरं, मला उत्तर बघायचं होतं हेही खरं. आणि १.९ वर बोट ठेवताना देविदासच्या गावाचं पाणी आमच्या दारावरून जाईल हे मनात आलं होतं का, नव्हतं का? आलं होतं असं लिहिलं तर दादा गेला. नव्हतं असं लिहिलं तर...

'नजरचुकीने' वर आडवी रेघ मारली. त्या जागी काय लिहायचं ते अजून लिहिलेलं नाही. साहेबांचा शिपाई दारात येऊन उभा आहे.